ज्युडिथचं बरोक चित्र कसं वाचावं: ओळख पटवण्यापासून टिपण लिहिण्यापर्यंत

बायबलमधल्या ज्युडिथची गोष्ट बरोक, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासच्या युरोपातल्या नाट्यमय शैलीच्या, चित्रकारांनी पुन्हा पुन्हा रंगवली: एक बाई, तिच्या हातात तलवार आणि शेजारी तुटलेलं मुंडकं. एवढं दिसलं की बहुतेक टिपणं एकाच वाटेनं जातात: इटालियन चित्रकर्ती आर्तेमिसिया जेंतिलेस्कीवर अत्याचार झाला आणि तिनं चित्रातून सूड घेतला. चित्र तिच्याआधीच्या कॅराव्हाज्जो या चित्रकाराचं असलं तरी हेच लिहिलं जातं. कधी तर चित्रात ज्युडिथ नसून सलोमी ही बायबलमधली दुसरीच बाई असते, तरीही हेच.

चूक माहितीची कमी आणि क्रमाची जास्त आहे. चरित्र आधी वाचलं की चित्रात तेवढंच दिसतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी डोळ्यांनी पाहायचं, मग ओळख पटवायची, मग गोष्टीतला क्षण ठरवायचा आणि चित्रकाराचं आयुष्य शेवटी आणायचं. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना, रोम-फ्लॉरेन्सला जाणाऱ्यांना आणि चित्रांवर लिहू पाहणाऱ्यांना हा क्रम सारखाच लागू पडेल.

तयारी

गोष्ट वाचून घ्या. ज्युडिथचं पुस्तक १६ अध्यायांचं आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये ते जुन्या करारात येतं. प्रोटेस्टंट परंपरेतल्या ६६ पुस्तकांत ते नसतं, म्हणून घरातल्या मराठी बायबलमध्ये सापडलं नाही तर गोंधळू नका. वसईतल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या कॅथलिक स्नेह्याकडची आवृत्ती मागून घ्या. वेळ कमी असेल तर निदान ८ ते १३ हे अध्याय वाचा.

कथानक थोडक्यात असं. अश्शूरचा राजा म्हणून या पुस्तकात येणाऱ्या नबुखद्नेस्सराचा सेनापती होलोफर्नीस बेथुलिया गावाला वेढा घालतो आणि पाणी तोडतो. गावातले वडीलधारे पाच दिवसांची मुदत ठरवतात; तेवढ्यात देवाची मदत आली नाही तर शरण जायचं. ज्युडिथ ही श्रीमंत, देवभीरू विधवा. ती विधवेची वस्त्रं उतरवते, दागिने घालते, दासीकडे खाण्यापिण्याचं सामान देते आणि शत्रूच्या छावणीत जाते. रोज रात्री ती प्रार्थनेसाठी छावणीबाहेर जाऊन येते, त्यामुळे पहारेकऱ्यांना तिच्या ये-जा करण्याची सवय होते. चौथ्या दिवशी मेजवानी होते. होलोफर्नीस बेसुमार पितो आणि पलंगावर आडवा होतो.

पुढचे पाच तपशील वहीत लिहूनच ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यात ते लागतील:

- तलवार होलोफर्नीसची स्वतःची, त्याच्या उशाशी पलंगाच्या खांबाला टांगलेली.
- ज्युडिथ त्याचे केस धरते आणि मानेवर दोन घाव घालते.
- दासीला तिनं शयनकक्षाबाहेर थांबायला सांगितलेलं असतं.
- मुंडकं खाण्याच्या पिशवीत जातं.
- पलंगावरचं पडद्याचं छत ज्युडिथ सोबत घेऊन जाते.

प्रतिमा नीट मिळवा. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचीच प्रतिमा घ्या. इतरत्र फिरणाऱ्या प्रतिमा कडेनं कापलेल्या असतात, त्यांचे रंग भडक केलेले असतात आणि कित्येकदा डावं-उजवं उलटलेलं असतं.

तपासा: कॅराव्हाज्जोच्या रोममधल्या चित्रात आणि आर्तेमिसियाच्या फ्लॉरेन्समधल्या चित्रात ज्युडिथ आपल्या उजव्या बाजूला आहे. तुमच्या प्रतिमेत ती डावीकडे असेल तर प्रतिमा उलटलेली आहे. तिच्यावरून रचनेबद्दल एक अक्षरही लिहू नका.

संग्रहालयाच्या पाट्या इटालियनमध्ये असतील तर ‘जुदित्ता’ आणि ‘ओलोफेर्ने’ ही नावं शोधा.

टप्पा १: शीर्षक न वाचता पाहा

पाटी झाका. प्रत्यक्ष संग्रहालयात असाल तर पाटीकडे पाठ करून उभे राहा. पाच मिनिटं फक्त पाहा आणि दिसेल ते नामांनी आणि क्रियापदांनी लिहा. ‘क्रौर्य’, ‘सूड’, ‘स्त्रीशक्ती’ हे शब्द या यादीत येता कामा नयेत. ‘तीन माणसं. एक आडवा, उघडा. पांढरी चादर. लाल पडदा. म्हातारी उजव्या कडेला, हातात कापड.’ एवढं कोरडं लिहिलेलं पुरे.

यादीत पाच गोष्टी आल्याच पाहिजेत: माणसं किती, प्रत्येकाची नजर कुठे, प्रत्येक हात काय करतोय, धातूच्या वस्तू कोणत्या, आणि उजेड कुठून येतोय. नजरा आणि हात लोक सर्रास विसरतात, आणि ज्युडिथच्या चित्रात अर्धा अर्थ तिथेच असतो.

टप्पा २: ही ज्युडिथच आहे ना?

मूर्ती ओळखताना आपण चेहऱ्याकडे नंतर आणि हातातल्या आयुधांकडे, पायाशी असलेल्या वाहनाकडे आधी पाहतो. इथेही तसंच करा, फक्त एका खुणेवर विसंबू नका.

*सलोमी.* सगळ्यात जास्त गोंधळ हिच्याशी होतो. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत हेरोदियेची मुलगी, म्हणजे हीच सलोमी, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात मागते. मारेकरी वेगळा असतो; ती स्वतः शस्त्र धरत नाही. म्हणून ढोबळ नियम असा: बाईच्या स्वतःच्या हातात तलवार असेल तर ज्युडिथ, बाईकडे तबक आणि तलवार दुसऱ्याकडे असेल तर सलोमी.

मग तलवारही आहे आणि तबकही आहे, असं झालं तर? फ्रान्चेस्को माफ्फेईचं फाएन्झा इथलं चित्र नेमकं असं आहे आणि ते सलोमीचं म्हणून ओळखलं जात होतं. कलाइतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी त्यावर सरळ कसोटी लावली. आधीच्या चित्रांत तबक घेतलेल्या ज्युडिथ सापडतात का? सापडतात. तलवार घेतलेल्या सलोमी सापडतात का? नाही. म्हणून ही ज्युडिथ. फेदे गालित्सियाचं १५९६ चं चित्रही हेच सांगतं: तलवार ज्युडिथच्या हातात आणि मुंडकं ताटात. तेव्हा ताट दिसलं म्हणून लगेच सलोमी म्हणू नका. तलवार कुणाच्या हातात आहे ते पाहा.

सावधान: म्हातारी बाई शेजारी आहे म्हणून ज्युडिथ, हा तर्क चुकीचा आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या कॅराव्हाज्जोच्या सलोमीच्या चित्रातही म्हातारी आहे.

*याएल.* बायबलमधल्या शास्ते या पुस्तकातली. सीसरा हा सेनापती झोपलेला असताना ती तंबूची मेख हातोड्यानं त्याच्या कानशिलात ठोकते. हातोडा आणि मेख दिसली की शंका उरत नाही. आर्तेमिसियाचं १६२० चं याएलचं चित्र बुडापेस्टला आहे आणि ते बरेचदा ज्युडिथ म्हणून पुढे पाठवलं जातं.

*दलीला.* शमशोन झोपलाय, कात्री आहे, केस कापले जाताहेत. मुंडकं धडावरच आहे.

*दावीद.* लांब केसांचा तरुण आणि मोठं मुंडकं. मुंडक्याच्या कपाळावर दगडाची जखम शोधा. ती असेल तर ते दावीदानं गोफणीच्या दगडानं पाडलेल्या धिप्पाड गल्याथाचं.

मोठमोठ्या संग्रहालयांच्या नोंदीही या टप्प्यावर बदललेल्या आहेत. माद्रिदच्या प्रादोमध्ये रेम्ब्रांटचं १६३४ चं एक चित्र आहे. भरजरी कपड्यातली बाई बसलेली, एक मुलगी तिच्यापुढे शंखाचा पेला धरते. मुंडकं नाही, तलवार नाही. पतीची राख पेल्यात घालून पिणारी प्राचीन राणी आर्तेमिसिया म्हणून ते ओळखलं जात असे. आता संग्रहालय त्याला होलोफर्नीसच्या मेजवानीतली ज्युडिथ म्हणतं. मागच्या अंधारात पिशवी घेतलेली म्हातारी आहे, तिनं हा निकाल फिरवायला मदत केली. म्हणून अंधारे कोपरे मोठे करून पाहा. बरोक चित्रात निर्णायक वस्तू तिथेच दडलेली असते.

टप्पा ३: गोष्टीतला नेमका क्षण ठरवा

‘ज्युडिथ आणि होलोफर्नीस’ या एकाच शीर्षकाखाली निदान पाच वेगवेगळे क्षण रंगवले गेले आहेत. क्षण न ठरवता तुलना केली की ती फसते, कारण एक बाई घाव घालताना आणि दुसरी घरी परतताना वेगळी दिसणारच.

१. *मेजवानी.* अजून काही घडलेलं नाही. रेम्ब्रांट, १६३४.

२. *घाव.* कॅराव्हाज्जो, सुमारे १५९९, रोमचं पालाझ्झो बार्बेरिनी. आर्तेमिसियाची नेपल्स आणि फ्लॉरेन्समधली चित्रं.

३. *घावानंतर, तंबूतच.* योहान लिस याचं लंडनचं चित्र पाहा: ज्युडिथ पाठमोरी, मान वळवून आपल्याकडे बघते, पुढ्यात शिर नसलेलं धड. डेट्रॉइटमधलं आर्तेमिसियाचं मेणबत्तीच्या उजेडातलं चित्रही याच क्षणाचं आहे.

४. *निसटणं.* आर्तेमिसियाचं फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो पित्तीमधलं चित्र आणि तिचे वडील ओरात्सिओ यांचं अमेरिकेत हार्टफर्डला असलेलं चित्र. दोन्हीत मुंडकं टोपलीत आहे.

५. *गावात परतणं आणि विजय.* लुका जोर्दानोनं १७०४ मध्ये नेपल्सच्या सान मार्तिनो मठात छतावर रंगवलेला ज्युडिथचा विजय.

काही चित्रांत क्षण असा नसतोच. ज्युडिथ मुंडकं धरून आपल्यासमोर उभी असते, व्यक्तिचित्रासाठी उभी राहावी तशी. क्रिस्तोफानो अल्लोरीचं चित्र या जातीचं. त्यात ‘आता पुढे काय होणार’ हे शोधत बसू नका. तिथे पाहायचा आहे तो चेहरा आणि कपडा.

घावाच्या चित्रांत आणखी एक पायरी खाली उतरा. पुस्तकात दोन घाव आहेत. चित्रातली तलवार मानेत किती शिरली आहे? कॅराव्हाज्जोच्या चित्रात पातं मानेत अर्ध्यावर आहे, होलोफर्नीसचं तोंड उघडं आहे आणि डोळे वर फिरलेले आहेत. हा जिवंतपणा आणि मरण यांच्या मधला क्षण आहे. हे वाक्य लिहिण्यापूर्वी मात्र पातं, तोंड आणि डोळे या तिन्ही जागा स्वतः मोठ्या करून पाहिलेल्या असू द्या.

तपासा: तुम्ही ठरवलेल्या क्षणाच्या आधीचं एक आणि नंतरचं एक वाक्य गोष्टीतून सांगता येतं का? येत नसेल तर पुन्हा तेरावा अध्याय उघडा.

टप्पा ४: दासीकडे पाहा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. चित्रकाराचं मत बहुतेक वेळा दासीतून कळतं, कारण पुस्तक तिच्याबद्दल फार थोडं सांगतं. तिचं वय दिलेलं नाही, रूप दिलेलं नाही. ती विश्वासू आहे, पिशवी तिच्याकडे आहे आणि शेवटी ज्युडिथ तिला मुक्त करते. बाकीचं सगळं चित्रकाराला स्वतः ठरवावं लागलं.

कॅराव्हाज्जोनं तिला म्हातारी केलं. सुरकुतलेली, डोळे रोखलेली, हातात कापड तयार धरून उभी. तरण्या, गोऱ्या ज्युडिथला ती उठाव देते, पण घावात तिचा हात नाही. आर्तेमिसियानं तिला तरुण केलं आणि कामाला लावलं. ती होलोफर्नीसच्या अंगावर झुकून दोन्ही हातांनी त्याला दाबून धरते आणि त्याची वळलेली मूठ तिच्याच गळ्याशी आलेली आहे. म्हणजे झटापट खरं तर दासी आणि होलोफर्नीस यांच्यात चालली आहे आणि तिच्या बळावर ज्युडिथला मान कापता येते. या चित्रातलं सगळ्यात मोठं पाऊल मला रक्तापेक्षा हे वाटतं.

आता तयारीतला तिसरा तपशील काढा: दासी बाहेर थांबली होती. दोन्ही चित्रकारांनी मजकूर मोडून तिला आत आणलं आहे. पण कशासाठी? एकानं पिशवीसाठी, दुसरीनं हातांसाठी. तुमच्या टिपणाला गाभा हवा असेल तर तो बहुधा इथे मिळेल.

निसटण्याच्या चित्रांत दासीचं काम बदलतं. पित्तीमधल्या चित्रात ती पाठमोरी आहे, टोपली कमरेवर घेतलेली. ज्युडिथचा एक हात तिच्या खांद्यावर आहे आणि दोघी एकाच दिशेला, चौकटीबाहेर बघताहेत, जणू काही चाहूल लागली आहे. ओरात्सिओच्या चित्रात दोघी वेगवेगळ्या दिशांना बघतात. मालकीण आणि दासी यांच्यातलं नातं कोणत्या चित्रात कसं आहे ते नजरांच्या दिशेवरून एका ओळीत लिहा.

सावधान: दासीला ‘आब्रा’ म्हणणाऱ्या पाट्या दिसतील. मूळ गोष्टीत ती निनावी आहे, तेव्हा टिपणात ‘दासी’ पुरे.

टप्पा ५: हात, कोपर, वजन

एक लाटणं घ्या. खऱ्या सुरीनं हा प्रयोग करू नका. पलंगावर उशी ठेवा आणि चित्रातल्या ज्युडिथसारखे उभे राहा: पाय, कंबर, खांदे, कोपर, मनगट या क्रमानं. मग स्वतःला विचारा की या अवस्थेत जोर लावता येतो का आणि अंगाचा भार कुठे पडतो.

कॅराव्हाज्जोच्या ज्युडिथसारखं उभं राहिलं की हात लांब ताणले जातात आणि छाती मागे जाते. कपाळावर आठी आहे. काम करायचंय, पण अंग लांब ठेवायचंय. आर्तेमिसियाच्या ज्युडिथसारखं उभं राहिलं की बाह्या वर सारलेले दंड, पुढे आलेला खांदा आणि मुंडक्यावर दिलेला दाब जाणवतो. मानेवर पातं आणि केसांत मूठ हे दोन्ही जोर एकमेकांविरुद्ध लागतात. नुसतं बघून ‘आर्तेमिसियाची ज्युडिथ जास्त ताकदवान’ असं लिहिणारे बरेच आहेत. लाटणं हातात घेऊन केलेलं वर्णन वाचकाला लगेच वेगळं कळतं.

कॅराव्हाज्जोची ज्युडिथ ‘दुबळी’ आहे असं मात्र इथून लिहू नका. किळस आणि निश्चय एकाच चेहऱ्यावर दाखवणं हा त्याचा हेतू असू शकतो. वर्णन करा, गुण देऊ नका.

टप्पा ६: उजेड

हा टप्पा लवकर आटपतो. दोनच प्रश्न विचारा: उजेडाचा उगम चित्रात आहे की चौकटीबाहेर, आणि उजेड कुणावर पडत नाही?

कॅराव्हाज्जोच्या चित्रात तो डाव्या वरच्या बाजूनं, चौकटीबाहेरून येतो. डेट्रॉइटच्या चित्रात मेणबत्ती टेबलावरच आहे. ज्युडिथनं हात वर धरून उजेड अडवला आहे आणि त्या हाताची सावली तिच्याच चेहऱ्यावर पडली आहे. दासी खाली वाकून मुंडकं पिशवीत कोंबते आहे. इथे उजेड हा गोष्टीचाच भाग आहे: बाहेर कुणाला दिसलं तर दोघी संपल्या.

सावधान: ‘गडद पार्श्वभूमी म्हणजे दुःख’ असली वाक्यं लिहू नका. कॅराव्हाज्जोच्या वाटेनं गेलेल्या चित्रकारांत अशी पार्श्वभूमी सर्रास असते. आनंदी वादकांच्या चित्रांतही ती दिसते.

टप्पा ७: एकाच हातची दोन चित्रं शेजारी ठेवा

वेगवेगळ्या चित्रकारांची तुलना नंतर करा. आधी आर्तेमिसियाची घावाची दोन चित्रं घ्या: नेपल्सच्या कापोदीमोंते संग्रहालयातलं, सुमारे १६१२-१३ चं, आणि फ्लॉरेन्सच्या उफिझीतलं, सुमारे १६२० चं. रचना जवळजवळ तीच असल्यामुळे फरक चटकन पकडता येतात.

कपड्यांपासून सुरू करा. नेपल्समध्ये ज्युडिथ निळ्या कपड्यात आहे आणि दासी लाल. उफिझीत ज्युडिथचा कपडा सोनेरी पिवळा, दासीचा निळा. दागिन्यांकडे जा: उफिझीतल्या ज्युडिथच्या हातात कडं आहे. पुस्तकात ती छावणीत जाण्यापूर्वी दागिने घालते, म्हणजे कड्याला मजकुराचा आधार आहे. मग रक्त पाहा: उफिझीत ते चिळकांड्यांनी वर उडतं, तिच्या छातीवर आणि कपड्यावर थेंब आहेत. शेवटी कडा पाहा: नेपल्सचं चित्र डावीकडून कापलं गेलं आहे, त्यामुळे होलोफर्नीसचे पाय तिथे पूर्ण दिसत नाहीत.

या शेवटच्या मुद्द्यावर अनेकजण घसरतात. नेपल्समधली रचना ‘जास्त घुसमटलेली’ आहे आणि ती चित्रकर्तीनं मुद्दाम तशी केली, असं लिहिलेलं मी अनेकदा वाचलं आहे. घुसमट खरी आहे, पण तिच्यातला काही भाग नंतर चाललेल्या कात्रीचा आहे. कॅनव्हास कापलेला आहे का, जोडलेला आहे का, हे संग्रहालयाच्या नोंदीत पाहिल्याशिवाय चौकटीबद्दल बोलू नका.

दोन्हींत आधीचं चित्र कोणतं? नेपल्सच्या चित्राच्या क्ष-किरण तपासणीत रंगाखाली बऱ्याच दुरुस्त्या दिसल्या: रेषा बदलल्या आहेत, अवयव हलवले आहेत. एवढे बदल रचना शोधत असतानाच होतात, म्हणून ते आधीचं मानलं जातं.

टप्पा ८: आता नाव, साल आणि आयुष्य

इथपर्यंत आलात की पाटी उघडा. आधी कर्तृत्व तपासा. ‘कॅराव्हाज्जोची ज्युडिथ’ म्हणून दोन चित्रं फिरतात. एक रोमचं. दुसरं फ्रान्समध्ये तुलूझच्या एका घराच्या माळ्यावर २०१४ मध्ये सापडलं आणि २०१९ मध्ये लिलावाआधीच खाजगीत विकलं गेलं. त्यात ज्युडिथ काळ्या कपड्यात आहे आणि थेट आपल्याकडे बघते. ते कॅराव्हाज्जोचं आहे की नाही यावर तज्ज्ञांत एकमत नाही. त्यावर लिहिताना ‘कॅराव्हाज्जोचं म्हणून मांडलेलं’ असंच लिहा.

मग चरित्र. आर्तेमिसियाचा जन्म १५९३ चा, रोममधला. १६११ मध्ये आगोस्तिनो तास्सी या चित्रकारानं तिच्यावर बलात्कार केला, १६१२ मध्ये खटला चालला आणि तो दोषी ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचं लग्न झालं, ती फ्लॉरेन्सला गेली आणि १६१६ मध्ये तिथल्या चित्रकारांच्या अकादमीत तिला प्रवेश मिळाला. हे सगळं नोंदलेलं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. तिनं जे सोसलं त्याचा चित्राशी काही संबंध नाही असा हट्टही धरू नका. प्रश्न एवढाच की कोणतं वाक्य कशाच्या आधारावर उभं आहे.

‘होलोफर्नीस म्हणजे तास्सी’ हा आधुनिक काळात लावलेला अर्थ आहे. तो अर्थ म्हणून मांडा, घटना म्हणून नको. उलट अल्लोरीच्या चित्रात मुंडकं चित्रकाराचं स्वतःचं आणि ज्युडिथ म्हणजे त्याची प्रेयसी, हे त्याच शतकातल्या फिलिप्पो बाल्दिनुच्ची या चरित्रकारानं लिहून ठेवलं आहे. एकाला जुन्या लेखी नोंदीचा आधार आहे, दुसरा नंतरच्यांनी केलेला अर्थ आहे. टिपणात दोघांची क्रियापदं वेगळी असायला हवीत: ‘बाल्दिनुच्चीनं नोंदवलं आहे’, आणि ‘अनेक अभ्यासक असं वाचतात’.

तपासा: तुमच्या मसुद्यातलं चरित्राचं प्रत्येक वाक्य खोडून पाहा. मागे चित्राचं काही उरतं का? उरत नसेल तर टप्पा ४ आणि ५ पुन्हा करा. आणि चित्रातला एखादा तपशील चरित्रानं खरोखर उलगडत असेल तर तेवढंच परत आणा. उफिझीतल्या चित्रात तलवारीवर सही आहे आणि तिथे तिनं ‘लोमी’ हे घराण्याचं नाव लावलं आहे. फ्लॉरेन्सच्या वर्षांत ती हे नाव वापरायची. आयुष्य आणि चित्र इथे खरंच एकमेकांना भेटतात.

टप्पा ९: टिपण लिहा

सुरुवात टप्पा १ च्या यादीनं करा, पण यादी म्हणून नको. डोळा चित्रात ज्या वाटेनं फिरला त्या वाटेनं लिहा. मग क्षण, मग दासी आणि हात, मग हवी असेल तर तुलना. गोष्ट सांगायला चार-पाच वाक्यं पुरतात. पुस्तकात काय आहे आणि चित्रकारानं काय बदललं, हा धागा कुठेही सोडू नका.

मराठीत लिहिताना हमखास एक मोह होतो: ज्युडिथला महिषासुरमर्दिनीच्या शेजारी बसवण्याचा. तो टाळा. देवी देवी असते, तिला भीती नाही आणि जिंकणं तिच्या स्वभावातच आहे. ज्युडिथ हाडामासाची विधवा आहे. ती घाव घालण्यापूर्वी बळ मागते आणि तिला पहारा चुकवून घरी परतायचं आहे. पित्ती आणि डेट्रॉइटमधल्या चित्रांतला सगळा ताण या परतीच्या वाटेचा आहे. तिला देवी केलं की तो ताण संपतो.

सगळ्यात शेवटी चित्राखालची ओळ लिहा: चित्रकार, शीर्षक, साल, माध्यम, संग्रहालय, शहर. शहर नक्की लिहा, कारण एकट्या आर्तेमिसियाच्या ज्युडिथ फ्लॉरेन्समध्येच दोन ठिकाणी आहेत, उफिझीत आणि पित्तीत. सालाच्या आधीचा ‘सुमारे’ गाळू नका. तो गाळायचा फक्त चित्रकारानं स्वतः साल लिहिलेलं असेल तेव्हा, जसं गालित्सियाच्या चित्रावर १५९६ आहे आणि ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातल्या अल्लोरीच्या प्रतीवर १६१३.